चांदीतला फ्यूज

गाड्या नुकत्याच गाऊ लागल्या होत्या, तेव्हाची गोष्ट. एका जीपमध्ये नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवला. बॅटरीपासून त्याच्यापर्यंत जाड वायर ओढली आणि मध्ये छोटा फ्यूज लावला.

वरातीत आवाज चढला की फ्यूज जायचा आणि पांडबा ड्रायव्हर नवा लावायचा.

"बॅटरीताई, याला काढा हो," अ‍ॅम्प्लिफायर वैतागला. "ऐन नाचात माझा गळा धरतो मेला."

"अहो, वायर फार तापायच्या आत तो जातो, म्हणून आपण वाचतो."

शेवटी पांडबाने कंटाळून फ्यूजवर सिगारेटच्या पाकिटातली कागदी चांदी गुंडाळली. गाणं अखंड वाजू लागलं. नाच रंगला.

अचानक वायर धुमसू लागली.

"फ्यूजभाऊ, जा ना लवकर!" अ‍ॅम्प्लिफायरच किंचाळला.

"तो मघाशीच गेला," बॅटरी कशीबशी म्हणाली. "वीज चांदीतून वाहत राहिली, आपल्याला कळलंच नाही."