डोंगऱ्याचं कोपर

पेरूच्या एका मोठ्या बागेत रुंजी नावाची मुलगी राहायची, आणि तिला रोज राग यायचा.

राग यायला कारणं पुष्कळ होती. दिवस उगवताच तिला मचाणावर चढावं लागे आणि फुटका डबा बडवून हिरव्यागार राघूंना हाकलावं लागे. तिची आई बागेच्या मालकिणीकडे, चंद्राक्कांकडे, धुणीभांडी करायची. त्यामुळे राघू रुंजीनं हाकलायचे हे कुणाला ठरवावंच लागलं नव्हतं. झगा एकच, तोही खांद्यावर उसवलेला. जेवायला एक भाकरी आणि राघूंनी टोचलेले पेरू. पण या सगळ्याची तिला सवय झाली होती. राग यायचा तो डोंगऱ्यावरून.

डोंगऱ्या म्हणजे आक्कांचा कुत्रा. मधाच्या रंगाचा, काळ्या मखमली कानांचा, आणि एवढा थोरला की बसला तरी रुंजीच्या खांद्याला लागायचा. बागेतली वानरं हुसकावणं हे त्याचं काम. पण गेलं वर्षभर तो पुढच्या डाव्या पायानं लंगडत होता. सकाळी उठताना तर पाय टेकवतच नसे. पाय बाहेरच्या बाजूला फेकत, मान खालीवर करत दोन पावलं टाकायचा आणि थांबायचा.

येणारा जाणारा प्रत्येक जण त्याचा पंजा उचलून बघायचा. "काटा असेल हो!" काटा नसायचा. मग दुसरा कुणी बघायचा. "काटा असेल!" वर्षभर सगळ्या गावानं मिळून त्या एका पंजात काटा शोधला.

काटा सापडत नाही म्हटल्यावर आक्कांनी निकाल दिला. "नाटकं आहेत सगळी. सकाळी लंगडतो आणि दुपारी वानरामागे पळतो. खरंच दुखत असतं तर पळाला असता का? सखोबा, ऐक. परवा माझ्या माहेरचे पाहुणे येतायत. त्यांच्यासमोर यानं कुंपणावरून उडी मारली तर ठीक. नाही मारली, तर गाडीत घाल आणि नदीपल्याडच्या रानात सोडून ये. लंगडं कुत्रं दारात शोभत नाही."

सखोबा गाडीवान. त्यानं मान हलवली. रुंजीच्या आईनंही ऐकलं आणि ती भांडं घासत राहिली. रुंजी माणसांसमोर बोलतच नसे. ती तडक बागेच्या टोकाला गेली, शेवटच्या पेरूच्या झाडासमोर उभी राहिली आणि झाडाला म्हणाली, "मेल्या! आंधळ्या! दगडा! दिसत नाही तुला? दुखतंय त्याला!"

"कोण गं ते, माझ्या घराला शिव्या घालतंय?"

पानांत काहीतरी चमचमलं. फांदीवर एक इवलीशी परी बसली होती, बोटभर उंचीची. पेरूच्या फुलाचा पांढराशुभ्र झगा, झग्याच्या टोकाटोकाला सोनेरी टिकल्या, पाठीला चतुराचे झिरझिरीत पंख. त्यांतून ऊन पडलं की गवतावर निळे, जांभळे, गुलाबी ठिपके नाचायचे.

"तुला नाही हो," रुंजी ओशाळून म्हणाली. "आक्कांना."

"मग आक्कांना जाऊन सांग."

"त्या ऐकत नाहीत."

परी हसली. तिचं हसू चांदीच्या घुंगरासारखं बारीक वाजलं. "रोज तुझी अर्धी भाकरी तू त्या कुत्र्याला देतेस, ते मी बघते. म्हणून तुला तीन मागण्या. पण नियम आहेत हं, सोनुले. पहिला, झिजलेलं हाड मी नवं करत नाही."

"मग परी कशाला झालीस?"

"जन्मानं," परी शांतपणे म्हणाली. "दुसरा, कुणाला दुखेल असं मागितलंस, तर त्यातलं अर्धं दुखणं तुझं. आणि तिसरा, माझं देणं सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. पुढचं तुमच्या हातांनी."

रुंजीला वाटलं, एवढ्या नियमांची परी मिळण्यापेक्षा न मिळालेली बरी. पण तिच्या मागोमाग आलेला डोंगऱ्या शेजारी बसून पाय चाटत होता. तो कुठला पाय, ते दिसत होतं. नेमकं कुठे, ते कुणालाच कळत नव्हतं.

"मग मला कळू दे, याला कुठे दुखतं ते," ती म्हणाली. "याला सांगता येत नाही आणि बाकीच्यांना बघता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सूर्याचा पहिला केशरी किरण आला आणि रुंजीचं डावं कोपर असं ठणकलं की ती अंथरुणातच कळवळली. पंजात काही नव्हतं. बोटांत काही नव्हतं. कोपराच्या आत, जिथे हाडावर हाड बसतं तिथे, कुणी वाळू भरून ठेवल्यासारखं करकरत होतं.

दिवसभरात तिला सगळं कळलं. गारठ्यात दुखणं वाढतं. ओसरीच्या गुळगुळीत फरशीवर हात टेकला की घसरतो, आणि घसरला की जीव जातो. उन्हात बसून हात हळूहळू हलवला की कोपर मोकळं होतं, अगदी शहाण्यासारखं वागतं. त्याला भुलून तिनं दुपारी गोफण गरगर फिरवली, आणि मग तासभर तिला हात हलवता आला नाही. म्हणजे दुपारी पळणं हे काही नाटक नव्हतं. दुपारचं पळणं दुसऱ्या सकाळी भोगावं लागत होतं.

आणि मग तिनं पाण्याची बादली उचलली. भरलेली उचलली तर कोपर रडलं. अर्धी ओतून टाकली तर गप्प झालं. पुन्हा भरली, पुन्हा रडलं.

रुंजीनं बादली खाली ठेवली आणि डोंगऱ्याकडे बघितलं. त्याच्या गोल गोल पोटाकडे. आक्का त्याला तुपात भिजवलेल्या चपात्या घालायच्या, वर सायीचं दूध, वर गुळाचा खडा. पाहुण्यांनी "केवढा हो हा!" म्हणायला हवं ना! रुंजीला आक्कांचा असा राग आला की कान पेटले. मग तिला आठवलं, रोज संध्याकाळी त्याच पायांवर आणखी अर्धी भाकरी कोण चढवत होतं? राग आक्कांकडे निघाला होता, तो अर्ध्या वाटेवरून वळून तिच्याच अंगावर आला.

सूर्य मावळला आणि कोपर ठणकायचं थांबलं. रुंजी ओसरीवर गेली आणि जन्मात पहिल्यांदा आक्कांशी आपणहून बोलली. "आक्का, पंजात नाही, कोपरात दुखतं त्याला. उडी मारायला लावू नका."

"बघा हो, राघूवाली वैद्य झाली!" आक्का म्हणाल्या. "जा, पाहुण्यांसाठी पेरू निवडून ठेव. टोचलेले घालू नकोस त्यांत."

रुंजी झाडापाशी आली तेव्हा परी फुलात शिरून झोपायच्या बेतात होती.

"दुसरी मागणी," रुंजी दात आवळून म्हणाली. "उद्या आक्कांचं कोपर असंच दुखू दे."

"छे छे, सोनुले! हे काही चांगल्या मुलीचं मागणं नाही."

"वर्षभर मी चांगली मुलगी आहे. त्याचा पाय बरा झाला का?"

परीनं पंख मिटले. मग म्हणाली, "अर्धं तुला लागेल."

"अर्धं काय, पाऊण दे."

सकाळी आक्कांच्या किंकाळीनं सगळी बाग जागी झाली. राघूसुद्धा उडाले. "अगं आई गं! माझं कोपर! शेक आणा! उशी आणा! मला लगेच उठवू नका, सांधा मोकळा होऊ दे! ओसरीवर पाणी कुणी सांडलं, मी घसरेन ना!" रुंजीची आई शेकाच्या पिशव्या घेऊन धावत होती. मचाणावर रुंजी आपलं ठणकतं कोपर दाबत बसली होती, आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटत होतं.

दुपारपर्यंत शेकानं आणि उन्हानं आक्कांचा हात मोकळा झाला. पाहुणे आले. आक्का हात हलवून हलवून त्यांना बाग दाखवू लागल्या. शेवटी सगळे कुंपणापाशी आले.

"आता बघा माझ्या वाघाची उडी. डोंगऱ्या, हूं!"

डोंगऱ्यानं कुंपणाकडे बघितलं. आक्कांकडे बघितलं. शेपटी हलवली. आणि तो बिचारा उडी मारायला मागे सरकला, कारण आक्कांनी सांगितलं होतं.

रुंजी मचाणावरून उतरली आणि दोन्ही हात पसरून कुंपणासमोर उभी राहिली.

"बाजूला हो गं," आक्का म्हणाल्या.

"आक्का, सकाळी तुमचं कोपर दुखत होतं."

"मग?"

"आता तर हात छान हलतोय. नाटक करत होतात का?"

पाहुण्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. आक्कांचा चेहरा पिकल्या मिरचीसारखा लाल झाला. त्यांनी रुंजीला मारायला ताडकन हात उगारला, आणि कोपरात कळ आली. "आई गं!" त्या खाली वाकल्या. त्याच क्षणी रुंजीही "आई गं!" म्हणून वाकली. मागे डोंगऱ्यानं डावा पाय उचलून पोटाशी घेतला. तिघांचं एकच कोपर, एकाच वेळी. कुणी हसलं नाही.

आक्का खाली बसल्या. पहिल्यांदाच त्यांचे डोळे डोंगऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला आले. त्यांनी हात पुढे केला आणि पंजा सोडून वर, कोपराला, अगदी हलकेच बोट लावलं. डोंगऱ्या कण्हला. चावला नाही.

"सखोबा," आक्का म्हणाल्या, "गाडी जुंप."

रुंजीनं डोंगऱ्याच्या गळ्याला मिठी मारली.

"आणि गावातून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन ये."

डॉक्टरीणबाईंनी पाय वाकवून बघितला, सरळ करून बघितला. "काटा नाही, नाटकही नाही," त्या म्हणाल्या. "सांधा मुळातच नीट जुळलेला नाही. त्यात पिल्लू असताना खायला घालून भराभर वाढवलंत. आता हा पुरता बरा होणार नाही. पण सुखात राहू शकतो, सांभाळलात तर. याचं वजन उतरवा. उड्या बंद. मऊ अंथरूण, मऊ मातीवरून रोज थोडं थोडं, हळू चालणं. दुखण्याचं औषध मी देते, तेवढंच द्या."

आक्कांनी माफी वगैरे मागितली नाही. मोठी माणसं मागत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ओसरीच्या फरशीवर गोणपाटं अंथरलेली दिसली आणि तुपाचं भांडं फळीवर गेलं. रुंजीनं अर्धी भाकरी स्वतः खाल्ली. डोंगऱ्या तिच्या तोंडाकडे बघत बसला, तेव्हा तिला रडू आलं. पण तिनं चावणं थांबवलं नाही.

पावसाळा गेला, थंडी आली. डोंगऱ्याचं पोट आत गेलं, पाठ सरळ झाली. सकाळी अजून लंगडायचा. पण आता दोन पावलांनंतर थांबायचा नाही.

एका सोनसळी संध्याकाळी परी पुन्हा फांदीवर दिसली. "एक मागणी राहिलीय, सोनुले."

"त्याला विचार," रुंजी म्हणाली. "मी दोन मागितल्या."

परी भिरभिरत डोंगऱ्याच्या मखमली कानात शिरली आणि बाहेर आली तेव्हा तिचे इवलेसे डोळे भरले होते. "तो म्हणतो, रुंजी दिवसभर वर असते आणि मला वर चढता येत नाही. तिला खाली आणा."

एवढं बोलून ती फिरली. झग्याच्या टिकल्या पेटल्या, निळ्या, जांभळ्या, सोनेरी. सगळं झाड आतून उजळलं, त्या उजेडात परी विरघळली, आणि फांदीवर एक पांढरं फूल तेवढं हललं.

सकाळी सगळ्या बागेवर कोळ्याच्या धाग्यांची लखलखती जाळी पसरली होती. राघू आले, जाळीवर आपटले, चिडून निघून गेले. रुंजी दिवसभर खाली होती, डोंगऱ्याच्या पाठीला पाठ लावून उन्हात. सूर्य मावळताच जाळी विरली. पण आक्कांनी दिवसभर एकही टोचलेला पेरू पाहिला नव्हता. आठवड्याच्या आत त्यांनी दोऱ्याची खरीखुरी जाळी विणून घेतली, आणि मचाण मोडून त्याची लाकडं चुलीत गेली.

रुंजी शाळेत जाऊ लागली. शाळेपर्यंतची वाट मऊ मातीची होती, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं नेमकी तेवढीच लांब. रोज सकाळी डोंगऱ्या तिला सोडायला जायचा, हळूहळू, मान खालीवर करत.

"अगं पोरी," वाटेत कुणीतरी हटकून वाकायचं आणि त्याचा पंजा धरायला जायचं, "लंगडतोय की हा! काटा असेल!"

"काटा नाही," रुंजी त्यांच्या डोळ्यांत बघून मोठ्यानं सांगायची. "कोपर दुखतं त्याचं. पंजा सोडा, आणि वाट द्या."

आणि माणसं वाट द्यायची.