बोरजाईच्या बांधावरचा पिंपळ

सज्जनहो, संतांनी कोरड्या विहिरीला पाणी आणल्याच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. ही कथा पाणी थोपवल्याची आहे, आणि ऐकायला तितकीशी गोड नाही.

त्या वर्षी तरटी महाराजांचा मुक्काम बोरजाई गावी होता. कमरेला तरटाचा तुकडा एवढंच त्यांचं वस्त्र, त्यावरून ते नाव. गाव वाघओढ्याच्या काठी, खोलगटात वसलेलं. फार पूर्वी ओढ्याच्या लोंढ्यानं अर्धं गाव नेलं, तेव्हा उरलेल्यांनी गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा बांध घातला. पुराचं पाणी बांधाआड तुंबायचं आणि बाजूच्या दगडी सांडव्यावरून बेताबेतानं उतरायचं. बांधणारे मेले, त्यांची नातवंडं म्हातारी झाली, आणि डोंगरासारखा हा बांधही देवानंच घातला आहे अशी गावाची समजूत झाली. उंदीर पोखरोत, खेकडे पोखरोत, कुणी ढुंकून पाहत नसे. महाराज मात्र देवळात उतरले नाहीत. त्यांनी बांधाच्या पायथ्याशीच आसन घातलं.

बांधाला सगळ्यांत जवळचं घर ठकूबाईचं. नवरा जाऊन वर्षं झालेली, पदरी एकच लेक, हौसा. ठकूबाई एक दिवस महाराजांपुढे बसली आणि म्हणाली, "म्हाराज, मला काय तरी नाम द्या."

महाराज म्हणाले, "दर शनिवारी बांधावर जा. पिंपळ, वड, उंबर, जे रोप उगवलं असेल ते मुळासकट उपट. बीळ दिसेल तिथं ओली माती ठोक. हाच तुझा जप."

ठकूबाईनं कानांवर हातच ठेवले! शनिवार म्हणजे पिंपळाला पाणी घालायचा वार. पिंपळ उपटणाऱ्याचा वंश बुडतो, हे तिनं आईच्या मांडीवर बसून ऐकलेलं. आणि हौसा तर बाळंतपणाला माहेरी आलेली. तिची आधीची दोन मुलं जन्मताच गेली होती.

"म्हाराज, दुसरं काय बी सांगा. उपास सांगा, अनवाणी हिंडायला सांगा. ह्ये नगं."

"पाप माझ्या नावावर लाव," महाराज शांतपणे म्हणाले. "तू फक्त उपट."

ती उपटू लागली. प्रत्येक रोपाला "माफ कर रं देवा" म्हणायची आणि ओढायची. घरी आल्यावर हात राखेनं घासघासून धुतल्याशिवाय लेकीला शिवायची नाही. भक्ती भक्ती म्हणतात ती काय नुसती टाळ कुटण्यात असते? मनात भीती असताना गुरूचा शब्द पाळणं, ही खरी भक्ती.

गावचे रावजी पाटील म्हणजे नाकानं कांदे सोलणारे गृहस्थ. बांधाच्या ऐन मध्यावर एक मोठा पिंपळ वाढला होता. नवसानं मुलगा झाला तेव्हा पाटलांनी या पिंपळाची थाटात मुंज लावली आणि भोवती दगडी पार बांधला. महाराजांनी त्यांना एकदा सांगितलं, "पाटील, पार सुरेख आहे. पण या झाडाची मुळं बांधाच्या पोटात कुठवर गेली आहेत, ते पाहिलंत का? उन्हाळा आहे तोवर झाड काढा आणि भराव नीट ठोकून घ्या."

"तरट गुंडाळलं म्हणून देवाच्या झाडावर कुऱ्हाड घालायला सांगू नये, बुवा," पाटील हसले. मग समोरून टोपली घेऊन येणाऱ्या ठकूबाईकडे वळून चारचौघांत म्हणाले, "आन ही तुमची चेली! ठके, दोन नातवंडं गिळलीस, तिसरं तरी ठेव की."

लोक हसले. दारात उभ्या असलेल्या हौसानं ते ऐकलं. रात्री ती जेवली नाही. "आये, नगं जाऊस गं आता," एवढंच म्हणाली आणि पोटावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून निजली. त्या शनिवारी ठकूबाई रडत रडत बांधावर गेली, पण गेली. लहान रोपं तिच्या हाताला येत होती. पारावरच्या पिंपळाला हात लावणं मात्र तिच्या बळाबाहेरचं होतं.

भाद्रपदात आभाळ फाटलं. पाणी बांधाच्या छातीला लागलं, सांडवा भरून वाहू लागला, तरी पाऊस हटेना. सकाळी ठकूबाई टोपली घेऊन गेली, तो गावाकडच्या उतारावर, पाराच्या बरोबर खाली, मनगटाएवढी धार लागलेली. पाणी लाल, गढूळ. ती धावत महाराजांकडे आली. महाराजांनी धारेखाली ओंजळ धरली आणि बराच वेळ पाहिली.

"बांधाला घाम आला तर चालतो, ठकू," महाराज म्हणाले. "हे रक्त आहे, पोटातली माती वाहून येतेय. गाव वरच्या माळावर ने."

ठकूबाई घरोघर ओरडत फिरली. पाटील पारावर उभे राहून गरजले, "पिंपळदेव राखतोय! कुणी हलायचं न्हाई!" माणसं घुटमळली. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, पिंपळ मुळापासून हलला आणि पाराचे दगड कडाकडा उकलले. खालच्या धारेचं भगदाड झालं. माती ढेकळांनी वाहू लागली. मग मात्र गाव पळत सुटलं.

महाराज उतार चढून गेले आणि त्या भगदाडात पाठ देऊन बसले. काय सांगावं, सज्जनहो! मघापर्यंत दगड फेकणारं पाणी तिथल्या तिथं थांबलं.

हौसाला कळा सुरू झाल्या होत्या. चौघांनी तिला घोंगडीत घालून उचललं. वाट महाराजांच्या समोरूनच जात होती. ठकूबाईनं पाहिलं, महाराजांचा चेहरा काळानिळा पडला होता आणि ओठांतून गाळ येत होता. ते कष्टानं म्हणाले, "शेवटचा माणूस वर गेला की मला हाक मार. त्याआधी मारू नकोस."

माळावर, धो धो पावसात, बायकांनी धरलेल्या लुगड्यांच्या आडोशाला हौसा बाळंत झाली. पोर रडलं. ठकूबाईनं ते रडणं ऐकलं. जिवंत होतं! आता महाराजांना हाक मारायची, सोडवायचं. ती कड्याशी आली, तोंडाशी हात नेले, आणि तिला पारावर एक माणूस दिसला. रावजी पाटील पिंपळाच्या बुंध्याला मिठी मारून बसले होते.

एका हाकेचं काम होतं. गुरू तिकडे तिळातिळानं मरत होते, आणि हा माणूस तर तिच्या लेकीला रडवणारा. क्षणभर ठकूबाईच्या मनात ते आलं. ती माणूसच होती. मग दात आवळून ती माळ उतरली आणि बांधावर गेली.

"पाटील, चला!"

"झाड गेलं तर माझं पोरगं जाईल," पाटील लहान मुलासारखे रडत होते. "त्येच्याच नावानं मुंज लावलीया मी."

"तुमचं पोरगं वर माळावर हाय. बापाच्या नावानं टाहो फोडतंय. एवढी रोपं उपटली म्या, तरी माझं नातवंड जितं जल्मलं. सोडा त्ये झाड."

पाटलांची मिठी सुटली. तिनं त्यांना हाताला धरून माळावर आणलं, आणि मग बेंबीच्या देठापासून हाक मारली, "म्हाराज! या वर!"

महाराज उठले. ते माळाच्या पायऱ्यांशी पोचले आणि मागे बांध फुटला. पिंपळ, पार, ठकूबाईचं घर, पाटलांचा वाडा, सगळं एका लोंढ्यात गेलं. गडबडीत दावणीची जनावरं सोडायची राहिली होती. त्यांचं हंबरणं माळावर ऐकू आलं, आणि मग तेही ऐकू येईना. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

महाराज वर येऊन पालथे पडले. त्यांच्या पाठीवर मुळांचे वळ उमटले होते, मानेपासून कमरेपर्यंत, पिंपळाच्या मुळांसारखेच फाटे फुटलेले. ठकूबाई पायांवर कोसळली. महाराज पुटपुटले, "रडतेस कशाला? पाप माझ्या नावावर होतं ना? फेडलं." त्यानंतर त्यांचा खोकला गेला नाही, खोकल्यातून माती पडे. मार्गशीर्षात त्यांनी देह ठेवला.

बैल गेला आन झोपा केला म्हणतात, तसा गावानं नवा बांध घातला. पाटलांनी सगळ्यांच्या बरोबरीनं मातीच्या पाट्या वाहिल्या. पुढल्या पावसाळ्यात एका शनिवारी ठकूबाई नातवाला काखेत घेऊन बांधावर गेली, तर पाटील तिथं आधीच उभे होते. दगडांच्या फटीत पिंपळाचं दोन पानांचं रोप आलेलं.

"ठकूबाई," ते म्हणाले, "माझ्या हातानं होईना."

"मी बी भ्यायले व्हते, पाटील. माफ कर म्हनायचं, आन वढायचं."

रावजी पाटलांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं, गुडघे टेकले आणि ओल्या मातीवर कपाळ टेकवलं. ते पिंपळापुढे वाकले, महाराजांपुढे की समोर उभ्या असलेल्या त्या बाईपुढे, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मग त्यांनी रोप मुळासकट उपटलं, भोकात ओली माती दाबली, आणि पुढचं रोप शोधायला ते वाकूनच चालू लागले.