पाया पडू न देणारे बुवा

“देह खोटा, तर मग ही खाज एवढी खरी कशी, आई?”

श्रीपतबुवांनी हसत विचारलं, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

सोनाई शेंगा फोडत होत्या. तापीकाठच्या या झोपडीत येण्याआधी त्यांनी तीस वर्षं कुष्ठधामात रुग्णांचे पाय धुतले होते. बुवा त्यांचेच शिष्य. आता मोठे प्रवचनकार झाले होते. त्यांच्या मांडवात बसायला जागा मिळत नसे.

“कुठं खाजतंय?”

“पायाला. दोन वर्षं झाली.”

“दाखव.”

बुवांनी मोजे घातलेले पाय धोतराखाली ओढून घेतले.

“नको. औषध तेवढं सांगा.”

“न बघता?”

सोनाई शेंगा फोडत राहिल्या.

“आई, लोक मला कशासाठी मानतात, ठाऊक आहे? प्रवचनासाठी नाही… मी कुणाला पाया पडू देत नाही म्हणून. परवा एक म्हातारा भर मांडवात उठून म्हणाला, एवढा मोठा माणूस, पण अहंकाराचा लवलेश नाही. बायका डोळे पुसत होत्या.”

“मग तू काय केलंस?”

“हात जोडले.”

सोनाईंचा हात थांबला.

“पहिल्यांदा नुसते दुखले म्हणून पाय मागे घेतले हो. कुणाचा हात लागला की आग व्हायची. नम्रता हे नाव लोकांनी दिलं… मी फक्त ते खोडून काढलं नाही.”

सोनाई उठल्या. चुलीवरचं कोमट पाणी त्यांनी घमेल्यात ओतलं, बुवांच्या पुढ्यात बसल्या आणि मोजे ओढून काढले.

कातडी जाड, काळपट झाली होती. घोट्याजवळ ओली भेग होती. सगळीकडे नखांचे ओरखडे.

“आई, तुम्ही माझ्या पायांना हात लावता… मला पाप लागेल!”

“पाणी लागेल. हलू नकोस.”

त्यांनी पाय धुतले. जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्यानं हळूहळू टिपले. बोटांच्या बेचक्याही कोरड्या केल्या.

दोन वर्षांत त्या पायांना कुणी असा हात लावला नव्हता. बुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

“इसब आहे हा,” सोनाई म्हणाल्या. “घामट मोज्यांत कोंडून चिघळवलास. पाय उघडे ठेव, खाजवू नकोस. सकाळीच तालुक्याला जाऊन कातडीच्या डॉक्टरांना दाखव. मलम देतील ते रोज लाव. जरा बरं वाटलं की सोडून देशील, तसं करू नकोस.”

“पण उद्या संध्याकाळी प्रवचन आहे. असे पाय घेऊन व्यासपीठावर बसू?”

“बस.”

“लोक विचारतील.”

“सांग, इसब झालाय.”

“आणि मग ते म्हणतील, इतके दिवस…”

“म्हणतील.”

बुवांनी मोजे हातात घेतले, आणि परत खाली ठेवले.

“सांगतो,” ते शेवटी म्हणाले. आवाज बारीक झाला होता. “बरं होईल ना, आई?”

“पाय? होतील दोनेक महिन्यांत.”

“आणि… नम्रता?”

सोनाईंनी घमेलं उचललं आणि पाणी अंगणात ओतून दिलं.

“तिला वेळ लागेल.”