लाल रॉकेटचा पंख

शाळेच्या मैदानापलीकडे एकही घर नव्हतं, तेव्हाची गोष्ट. पुठ्ठ्याच्या रॉकेटला आपल्या लाल रंगाचा भारी तोरा. पंख चिकटवायच्या आधीच त्यानं सगळं अंग रंगवून घेतलं. उडालं मात्र, अर्ध्या वाटेत एक पंख निखळला आणि रॉकेट गिरक्या खात गवतात आपटलं.

"ऐन आभाळात साथ सोडलीस!" ते पंखावर खेकसलं.

"मला तुझ्यापर्यंत पोचू कुठे दिलंस?" पंख म्हणाला. "मी चिकटलो होतो तुझ्या रंगाला. रंगाचा पापुद्रा सुटला, त्याच्यासोबत मीही सुटलो."

रॉकेटनं काचपेपरनं तेवढी जागा घासून घेतली. उघड्या पुठ्ठ्यावर पंख घट्ट बसला.

आता कपाटावर दोघं ते उडायचे दिवस आठवत बसतात. नवी रॉकेटं विचारतात, "आजोबा, या पंखाजवळचा रंग कुठे गेला?"

रॉकेट पंखाकडे बघून हसतं. "तो गेला, म्हणून तर हा राहिला."