पायपेठेचे दोन चिरे

या पाहुणे. गाडी तिकडे चिंचेखालीच राहू द्या, इथून पुढे पायीच जायचं. हे दोन उभे चिरे पाहिलेत? यांच्यामधून माणूस जातो, डोक्यावर पाटी घेतलेली बाई जाते. गाडी जात नाही. नवरदेवसुद्धा इथे घोड्यावरून उतरतो. म्हणून ही पायपेठ.

असं सांगतात, की इथे पूर्वी नुसता माळ होता. आमचा पूर्वज विसाजी शेटे याला पेठ वसवायचा हुकूम मिळाला, पण माणसं येईनात. तेव्हा अंबू कासारीण पुढे झाली. बांगड्या विकत ती गावोगाव हिंडलेली. घराघरात तिचा शब्द चाले. विसाजीला ती भाऊ मानायची. त्याने बेलभंडारा उचलून तिला वचन दिलं : खाली दुकान, वर घर, दारापुढे ओटा आणि मधला रस्ता पायी चालणाऱ्यांचा. त्या वचनावर अंबूने चाळीस घरं आणली. साळी आले, तांबट आले, अत्तार आले. ओट्यांवर बाजार भरे, रस्त्यात पोरं रांगत.

बारा वर्षांनी धान्याचे बडे व्यापारी विसाजीकडे आले. किल्ल्याकडे जाणाऱ्या गाड्यांना त्यांना पेठेतून सरळ वाट हवी होती. विसाजीने ओटे पाडायला होकार दिला.

अंबू पेठेच्या तोंडाशी येऊन बसली.

"दादा, बेलभंडारा तू उचललास. पण माणसं माझ्या तोंडाकडे बघून आली."

"तुझीच माणसं राजी आहेत, अंबू. विचार त्यांना."

तिने वळून एकेकाला नावाने हाक मारली. एकही दार उघडलं नाही. विसाजीने आधीच प्रत्येकाला नव्या रस्त्यावर दुप्पट जागा कबूल केली होती. ती पुन्हा वाटेकडे तोंड करून बसली.

गाड्या आल्या. बैल तिच्यापुढे थबकले. आसूड ओढले तरी पाऊल टाकेनात, म्हणे. तीन दिवस ती उन्हात बसून होती, पाण्यालाही शिवली नाही. चौथ्या दिवशी बसल्या जागीच गेली.

तेव्हा दारं उघडली. लोकांनी तिच्या ओट्याचे दोन चिरे उपटून इथे रोवले. विसाजी खांदा द्यायला आला, तर एक म्हातारा साळी म्हणाला, "आम्हीही तिचे गुन्हेगारच आहोत, शेटे. पण तुम्ही लांब राहा."

आजही पेठेतले कासार आम्हा शेट्यांच्या बायकांना बांगड्या भरत नाहीत. परवा माझ्या सुनेचं डोहाळजेवण होतं. हिरव्या चुड्यासाठी ती एसटी धरून तालुक्याला गेली. समोरचा कासार माझा शाळेपासूनचा मित्र. त्याने तिला जाताना पाहिलं आणि मान खाली घातली.