पडद्यामागची फळी

जयसिंगराजे माडीवरच्या खलबतखान्यात फक्त राणीसाहेबांशी करत ती गुप्त बोलणी हल्ली शेजारच्या संस्थानात पोचत होती. फितूर कोण, ते राजांना काही केल्या कळेना. त्यातच एके सकाळी दिवाण मार्तंडराव भिकोबा सुताराचं बखोट धरून हजर झाले.

"महाराज, माडीची लाकडी जमीन याने केली आणि ती करकरते! दुपारच्या खलबताआधी नीट झाली नाही, तर याला गावाबाहेर हाकला."

राजे चकित झाले. ते दिवसभर माडीवर वावरायचे, पण करकर त्यांच्या कानावर कधी आली नव्हती. भिकोबा सगळीकडे चालून आला. एक फळी कुरकुरेल तर शपथ! "पाचर मारू तरी कुठं, सरकार?" तो रडकुंडीला आला.

"आंधळा आहेस का?" दिवाणजी तणतणत पुढे गेले. खलबतखान्याच्या मागच्या दारावर बाहेरून लावलेला जाड पडदा त्यांनी बाजूला सारला आणि दाराला खेटून पाय ठेवला. कर्रर्र! "ही बघ, इथे!"

राणी गुणवंताबाई शांतपणे म्हणाल्या, "दिवाणजी, हे दार तर कायम बंद असतं. दाराला कान लावल्याशिवाय इथे कुणाचा पाय पडायचा नाही. तुमचा कसा पडला?"

दिवाणजी पांढरेफटक पडले. राजे त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, तोच!

भिकोबाने भीतभीत विचारलं, "मग ही फळी बदलू का, बाईसाहेब?"

"फळी राहू दे," राणीसाहेब म्हणाल्या. "ती आपलं काम चोख करते. बदलायचे आहेत ते दिवाण."