हळदीचा डाग

"…आणि शाईचा डाग?"

"ताकात भिजवायचा. तासभर पुरतो."

"तेलाचा?"

"वर बेसन भुरभुरायचं, बोटांनी दाबायचं, झटकायचं. मग साबण."

"गंजाचा?"

"लिंबू आणि मीठ," कुमुदिनीबाई म्हणाल्या. बुवा पुढचं विचारायच्या आत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, "रक्ताचा गार पाण्यानं, गरम कधीच नाही. फळांच्या रसाचा मात्र उकळत्या पाण्यानं, आणि धार उंचावरून धरायची."

दयाळबुवा मान डोलवत पंचा पिळत होते.

नदीच्या वळणावरच्या डोहाच्या मठाचे ते महंत. वय ऐंशीच्या घरात. पण मठाचा स्वयंपाक आणि मठाचं धुणं चाळीस वर्षं त्यांच्याच हातचं. बुवांच्या पंच्याशेजारी बगळा मळकट दिसतो, असं पंचक्रोशीत म्हणत.

ते ऐकूनच कुमुदिनी बेडेकर शहरातून पहाटेची एसटी धरून आल्या होत्या. दर मंगळवारी त्या रेडिओवर घरगुती युक्त्या सांगायच्या. धुणं, रांधणं, काटकसर. रेडिओपाशी बायका वही-पेन घेऊन बसायच्या. आता त्या युक्त्यांचं पुस्तक निघणार होतं. सगळी पानं तयार होती, फक्त पहिलं पान बाईंनी कोरं ठेवलं होतं.

त्या पानावर त्यांना बुवांचं गुपित हवं होतं.

"आता तुम्ही सांगा, बुवा. एवढं पांढरं कसं निघतं? रिठा? नीळ? की राखेचं पाणी?"

बुवांनी पंचा दगडावर पसरला.

"आधी डाळ बघून येऊ," ते म्हणाले.

मठाच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात डाळ शिजत होती. उंबऱ्याशी एक बाई बसली होती, मांडीवर घडी केलेलं पांढरं वस्त्र घेऊन.

"ही तानूबाई," बुवा म्हणाले. "विणकराघरची. संध्याकाळच्या आरतीला समाधीवर हे वस्त्र चढवायचं आहे."

तानूबाईंनी घडीवरून हात फिरवला. "मालकांनी मागावर घातलं होतं. चैतात ते गेले… हातभर राहिलं होतं. तेवढं मी विणलं."

कुमुदिनीबाईंनी वस्त्र हातात घेतलं. विणीत कुठे जोड दिसतो का ते पाहिलं. दिसला नाही. त्यांना भरून आलं, आणि भरून आलं की त्यांना बोलायला लागायचं.

"मी तुम्हाला एक सांगते, तानूबाई. हे काम मागं लागलं की चुलीकडे बघायला वेळ कुठला? डाळ उतू जाते, चूल विझते, जळण वाया. त्यात सुरुवातीलाच तेलाचे चार थेंब टाकायचे. अजिबात उतू जात नाही. आणि हळद तेव्हाच घालायची, म्हणजे डाळ लवकर… थांबा, दाखवतेच."

त्यांनी घडी तानूबाईंच्या मांडीवर परत ठेवली आणि पळी उचलली. पातेलं ढवळलं. डाळ कशी मऊ झाली आहे ते दाखवायला भरलेली पळी घेऊन त्या उत्साहानं उंबऱ्याकडे वळल्या.

पळी तानूबाईंच्या खांद्याला लागली.

पिवळी धार सरळ घडीवर पडली.

पातेल्यात डाळ रटरटत होती.

"असू द्या, ताई," तानूबाई म्हणाल्या. पण त्यांचे हात तसेच वर राहिले होते, जसं काही वस्त्र अजून स्वच्छच आहे आणि त्यांनी ते उचलून धरलं आहे.

कुमुदिनीबाई पळी धरून तशाच उभ्या राहिल्या. पण क्षणभरच. दुसऱ्या क्षणी त्यांच्या अंगात वारं शिरलं.

"काळजी करू नका. हेच तर माझं काम. बेसन कुठे आहे, बुवा?"

बुवांनी डबा पुढे केला.

बेसन भुरभुरलं, दाबलं, झटकलं. तेल गेलं. खरंच गेलं. बाईंनी वस्त्र उजेडात धरलं. "बघितलंत? आता राहिली नुसती हळद. साबण द्या."

"पुढं?" बुवा एवढंच म्हणाले आणि वडी दिली.

धुण्याच्या दगडावर बाईंनी पदर खोचला. डाग ओला केला, साबण लावला, चोळला. एकदा, दोनदा…

डाग लाल झाला.

पिवळा होता तो कुंकवासारखा लाल. आणि तळहाताएवढा पसरला. तानूबाईंनी तोंडावर पदर घेतला.

"होतं असं," बाई घाईघाईनं म्हणाल्या. हात थांबत नव्हते. "साबणानं हळद लाल होते. त्याला लिंबू. लिंबानं उतरते."

"पुढं?" बुवांनी लिंबू कापून दिलं.

लिंबू पिळलं, आणि डोळ्यांदेखत लाली सरली. बाईंना हसू फुटलं. रेडिओवर हे दाखवता येत नाही, एवढीच काय ती खंत. "पाहा, पाहा, गेलीच!"

लाली गेली होती. खाली पिवळा डाग जसाच्या तसा होता.

मग ताक झालं. मग मीठ. मग उकळतं पाणी, उंचावरून धार धरून. प्रत्येक वेळी बाई म्हणायच्या, "आता बघा," आणि प्रत्येक वेळी बुवा विचारायचे, "पुढं?"

ऊन डोक्यावर आलं. बाईंची वही दगडावर उघडी पडली होती. त्यांनी ओल्या बोटांनी पानं उलटली. पुढून मागे, मागून पुढे.

"पुढं?"

"…पुढं नाही, बुवा."

आयुष्यात पहिल्यांदा त्या हे वाक्य बोलल्या असतील. त्या तानूबाईंसमोर जाऊन खाली बसल्या. "मी तुमचं वस्त्र घालवलं," त्या म्हणाल्या. "ते गेले त्यांच्या हातचं होतं. दुसरं आणून देते, असंही म्हणता येत नाही मला."

तानूबाईंनी बाईंचा सुरकुतलेला ओला हात हातात घेतला आणि आपल्या पदरानं पुसला.

बुवा उठले. त्यांनी वस्त्र नदीत बुडवलं, साबण, लिंबू, ताक सगळं वाहू दिलं. हलकंसं पिळलं आणि समोरच्या रुंद कातळावर उलगडून पसरलं. डाग वर, आभाळाकडे.

आणि पंचा झटकून ते झाडाखाली जाऊन बसले.

कुमुदिनीबाई पाहत राहिल्या. "आता काय लावायचं?"

"काही नाही."

"मग होणार कसं? किती वेळानं?"

बुवांनी बोट वर केलं. वर नुसतं ऊन होतं.

बुवा आणि तानूबाई डाळभात जेवले. बाईंचं ताट तसंच राहिलं. त्या दर दोन मिनिटांनी उठायच्या, कातळाशी जायच्या, परत यायच्या. वस्त्र सुकलं की बुवा ओंजळभर पाणी शिंपडायचे आणि पुन्हा बसायचे. अडीच वाजले. तीन वाजले.

चौथ्यांदा पाणी पडलं तेव्हा बाई जवळ गेल्या आणि जागीच थबकल्या.

डागाची कड नव्हती.

सकाळपासून ती कड त्यांच्या डोळ्यांत रुतून बसली होती. आता ती कुठे संपते तेच कळेना. कडेचा पिवळा उतरला होता, सूत पांढरं पडलं होतं, आणि मधे तेवढी फिकट सायीसारखी झाक राहिली होती.

"तानूबाई! अहो, या इकडे. जातोय. आपणहून जातोय!"

तानूबाई धावत आल्या. गुडघ्यावर बसल्या आणि पांढऱ्या झालेल्या सुतावर त्यांनी गाल टेकवला. त्यांना रडू येत होतं आणि त्या हसत होत्या.

आरतीला अजून दोन तास होते. बाईंनी धावत जाऊन वही आणली, पहिलं कोरं पान उघडलं, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि कातळाशी वाकून उभ्या राहिल्या. डोळे त्या उरलेल्या झाकेवर खिळलेले.

"सांगा, बुवा. वस्त्र ओलं किती ठेवायचं? पाणी किती वेळा शिंपडायचं? ऊन सकाळचं बरं की दुपारचं? आणि नदीचंच पाणी लागतं, की नळाचंही चालेल?"

बुवा झाडाखालून उठले, हळूहळू चालत कातळापाशी आले. त्यांनी आधी वस्त्राकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बाई," ते म्हणाले, "जरा बाजूला सर. डागावर तुझी सावली पडतेय."